डिस्चार्जनंतरचा माणूस वाचवूया

दवाखान्यातून माणूस घरी येतो तो दिवस आपल्याकडे सणासारखा असतो. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकतात, गल्ली गोळा होते, कुणीतरी चहा टाकतं आणि ‘सुटला एकदाचा’ म्हणून घरादाराला हायसं वाटतं. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचा धोक्याचा काळ मात्र याच दिवशी सुरू होतो. हाताची सुई निघालेली असते, पायांची सूज उतरलेली असते, रात्री आडवं होऊन झोपता येत असतं. पण हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलेलं असतं ते तिथंच असतं. त्यात ठोकेही अनियमित असतील, म्हणजे डॉक्टर ज्याला एट्रियल फिब्रिलेशन किंवा नुसतं ‘एएफ’ म्हणतात तेही असेल, तर धोका आणखी वाढतो. दाखल असताना डॉक्टर, सिस्टर, मॉनिटर सगळे भोवती असतात. घरी आल्यावर या माणसाला सांभाळायचं कुणी? हा प्रश्न मला कोल्हापुरापुढे ठेवायचा आहे आणि त्याचं उत्तरही कोल्हापुराकडूनच हवं आहे.

हा धोका किती मोठा आहे ते केरळनं मोजून दाखवलं. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ मध्ये १८ रुग्णालयांनी मिळून हार्ट फेल्युअरनं दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद केली आणि पुढची पाच वर्षं त्यांचा माग सोडला नाही. दवाखान्यात असताना शंभरातले ८-९ जण गेले. वर्ष संपेपर्यंत हा आकडा ३१ वर गेला आणि पाच वर्षांत ५९ वर. म्हणजे जे गेले त्यातले बहुतेक जण डिस्चार्ज मिळाल्यावर गेले. त्यानंतर तिथल्याच श्री चित्रा तिरुनल संस्थेच्या पुढाकारानं देशभरातल्या ५३ रुग्णालयांत राष्ट्रीय नोंद झाली. त्यात १०,८५१ रुग्ण होते आणि सरासरी वय होतं साठच्या आसपास. पहिल्या ९० दिवसांतच शंभरातले १४ जण दगावले. युरोप-अमेरिकेतला असा रुग्ण साधारण सत्तरीच्या पुढचा असतो. आपला त्याच्या दहा वर्षं आधी या आजारात सापडतो, ट्रॅक्टरचे हप्ते चालू असताना, धाकटीचं लग्न ठरायचं असताना.

त्याच राष्ट्रीय नोंदीतली एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. पंपिंग कमी असलेल्या रुग्णांना जी औषधं मिळायला हवीत, ती निम्म्याहून कमी रुग्णांना मिळत होती. औषधं माहीत आहेत, बाजारात आहेत, आणि तरी माणसापर्यंत पोचत नाहीत. जी पोचतात ती महिन्या-दोन महिन्यांत बंद पडतात.

कशी बंद पडतात ते गडहिंग्लज तालुक्यात माझ्या मावशीच्या घरी पाहिलं. काकांना दवाखान्यातून आणून तीन महिने झाले होते. कोनाड्यात कापड दुकानाची पिशवी होती, तीच त्यांची औषधपेटी. पिशवी चटईवर ओतली. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या निघाल्या आणि काका दोन्ही खात होते. रक्त पातळ करायच्या गोळीचं पाकीट रिकामं होतं, ते का ठेवलंय कुणाला आठवत नव्हतं. लघवीच्या गोळीची पट्टी अर्धीच फोडलेली होती. आणि सगळ्यात खाली, डॉक्टरांच्या कागदावर कुठेच नसलेली, गुडघेदुखीची लाल गोळी होती.

“मावशी, ही लघवीची गोळी कधी बंद केली?”

“पाय उतरलं तवाच की. बरं वाटाय लागल्यावर कशाला खायाची? गरम पडत्यात त्या.”

“आणि ही गुडघ्याची?”

“ती मेडिकलवाल्यानं दिली. त्या गोळीनंच तर हिंडत्यात काका तुझं.”

यात मावशीचा दोष शोधायला जाऊ नका. तिनं आपल्या समजुतीप्रमाणे मनापासून सेवा केली होती. कोणती गोळी सूज उतरल्यावरही का चालू ठेवायची, कोणती एक दिवसही चुकवायची नाही आणि कोणती हृदयाच्या माणसाला विषासारखी आहे, हे तिच्याजवळ बसून कुणी सांगितलंच नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर सगळं होतं, इंग्रजीत.

या दोन आजारांची जोडी वाईट का, ते समजून घेऊ. हार्ट फेल्युअरमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर दाब येतो, ते ताणले जातात, आणि ताणलेल्या स्नायूत एएफ सुरू होतं. वरचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात. तिथे मिनिटाला ३५० ते ६०० बेताल संदेश सुटत असतात. त्यातले काही खाली पोचतात आणि खालचे कप्पे १२०-१५० च्या गतीनं पळत सुटतात. इतक्या घाईत हृदय नीट भरत नाही, भरत नाही म्हणून पुढे ढकलत नाही, आणि आधीच दमलेला स्नायू आणखी दमतो. एकातून दुसरं आणि दुसऱ्यातून पुन्हा पहिलं, असं हे चालू राहतं. यातली आशेची बाजूही सांगायला हवी. ठोक्यांची गती आवरली की काही जणांचं घसरलेलं पंपिंग पुन्हा सुधारतं. म्हणून वेळेवर हात घालण्याला इतकं मोल आहे.

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त तुंबतं. उसाच्या पाटात पाणी तुंबलं की तळाला गाळ धरतो, तशी तिथे रक्ताची गुठळी धरते. ती सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. एएफमुळे हा धोका साधारण पाचपट होतो, आणि एएफमधून आलेला झटका बहुधा मोठा असतो. माणूस वाचला तरी बोलणं जातं, एक बाजू जाते, आणि घरातल्या एका बाईचं उरलेलं आयुष्य त्याच्या अंथरुणाशी बांधलं जातं. हे टाळता येतं. वॉर्फरिनच्या गटातली गोळी नीट चालू असेल, तर अशा झटक्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश टळतात, हे कैक अभ्यासांत दिसलेलं आहे. हृदयरोगावरच्या औषधांत इतका स्वच्छ फायदा फार थोड्या गोळ्यांचा आहे.

आणि तरी गावोगाव ऐकू येतं, “अ‍ॅस्पिरिन चालू आहे की!” एएफमधल्या गुठळीसाठी अ‍ॅस्पिरिन पुरत नाही. २०११ साली अ‍ॅपिक्साबॅन आणि अ‍ॅस्पिरिन यांची तुलना करणारी मोठी चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण अ‍ॅपिक्साबॅन घेणाऱ्यांत झटके निम्म्याहूनही कमी होते आणि मोठा रक्तस्राव जवळपास तितकाच. ज्यांना स्टेंट आहे त्यांचा हिशेब वेगळा, तो त्यांच्या डॉक्टरांनीच करायचा. पण ज्यांच्या कागदावर ‘एएफ’ लिहिलंय आणि गोळ्यांत फक्त अ‍ॅस्पिरिन आहे, त्यांनी पुढच्या भेटीत स्पष्ट विचारावं: “मला रक्त पातळ करायची दुसरी गोळी लागते का? लागत नसेल तर का नाही?” हा प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नाही. चांगल्या डॉक्टरला तो आवडतो.

इथे एका गटाबद्दल थांबून बोलायला हवं, कारण त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. त्या आहेत तिशी-चाळिशीतल्या बायका, लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले आणि नकळत हृदयाची झडप खराब झाली अशा. संधिवाताच्या तापानं होणारा हा झडपेचा आजार श्रीमंत देशांतून जवळपास गेला, आपल्याकडून गेलेला नाही. दाट वस्तीत, एका खोलीत सहा-सात जण झोपतात अशा घरांत तो जास्त सापडतो. अनेकींना तो पहिल्यांदा कळतो तो बाळंतपणात, धाप लागल्यावर. झडप आकसली की वरचा कप्पा फुगतो, एएफ येतं आणि गुठळीचा धोका पाचपटीच्याही कितीतरी पुढे जातो.

या बायकांना रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या चालत नाहीत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत २४ देशांतले साडेचार हजारांवर असे रुग्ण होते, भारतातलेही होते. नव्या पिढीतल्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुन्या गटातल्या गोळ्यांवर मृत्यू कमी झाले. म्हणजे झडप आकसलेल्या एएफच्या रुग्णाला वॉर्फरिन किंवा असिनोकौमॅरॉल हाच आधार आहे. त्या गोळीबरोबर आयएनआर नावाची रक्ततपासणी येते. ती बहुतेकांत २ ते ३ च्या दरम्यान राहायला हवी. खाली गेली तर गुठळी, फार वर गेली तर रक्तस्राव. सुरुवातीला दर आठवड्याला आणि बसली की साधारण महिन्याला ती करावी लागते. मेथी, शेपू, पालक एके दिवशी भरपूर आणि मग पंधरा दिवस नाही, असं केलं तरी ती हलते. नवरात्राचे नऊ दिवस उपवास केला तरी हलते. एखादं अँटिबायोटिक किंवा कुणी दिलेला काढा घेतला तरी हलते. भाजी बंद करायची नाही, रोजच्यासारखी ठेवायची, आणि खाण्यात किंवा औषधात बदल झाला की तपासणी करून घ्यायची, इतकं जरी या बहिणींपर्यंत पोचलं तरी पुष्कळ काम होईल.

पण तपासणी करायची कुठे? चंदगडच्या टोकाच्या वाडीतून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. त्यांना बेळगावच जवळ. गगनबावड्याची, शाहूवाडीची वाडी-वस्ती घाटाच्या कुशीत. २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालंय, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्या आधीपासून मोफत आहे, हे चांगलंच झालं. पण एसटीच्या तिकिटाबरोबर एक रोजगार बुडतो आणि सोबत येणाऱ्याचा दुसरा. एका रक्ततपासणीसाठी दोन माणसांची एका दिवसाची मजुरी घालवणं कुणालाही जमत नाही. म्हणून माझी पहिली मागणी आहे ती ही: आयएनआर तपासणी जिल्ह्याच्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात, ठरलेल्या वारी, बाजाराच्या दिवशी व्हावी. बोटाच्या टोकातल्या थेंबावर काही मिनिटांत आकडा सांगणारी यंत्रं आता आहेत. गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय, इचलकरंजीचं आयजीएम रुग्णालय इथून सुरुवात करता येईल. जिथे ही सोय आज आहे तिथे ती बंद पडू देऊ नका. जिथे नाही तिथे मागा.

सरकारी योजनेनं काय दिलं, तेही नीट सांगायला हवं. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालणारी आरोग्य योजना नसती, तर आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांना स्टेंटसाठी, झडपेसाठी शेतीचा तुकडा विकावा लागला असता. पण ही योजना मुख्यतः खाटेवरच्या रुग्णासाठी आहे. ऑपरेशनचा खर्च ती उचलते. त्यानंतर जन्मभर रोज खायच्या चार-पाच गोळ्यांचा खर्च बहुतांशी घरावरच पडतो.

त्या गोळ्यांची गोष्ट मात्र गेल्या काही वर्षांत बदलली आहे, आणि हे सगळ्यांना कळायला हवं. हार्ट फेल्युअरवर आज चार गटांतली औषधं एकत्र दिली जातात. त्यातलं डॅपाग्लिफ्लोझिन एके काळी महाग होतं; २०२० मध्ये पेटंट संपलं आणि भाव कोसळला. अ‍ॅपिक्साबॅनचं पेटंट २०२२ मध्ये सुटलं, सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टनच्या स्वस्त गोळ्या २०२३ मध्ये आल्या, एम्पाग्लिफ्लोझिन २०२५ मध्ये स्वस्त झालं. केंद्राच्या आवश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत रक्त पातळ करणारं डॅबिगॅट्रान घेतलं गेलं. ज्यांना पाच वर्षांपूर्वी ‘परवडणार नाही’ म्हणून साधी औषधं लिहून दिली होती, त्यांचा कागद आज पुन्हा उघडून बघायला हवा. तुमच्या घरातला कागद पाच वर्षं जुना असेल तर तो घेऊन डॉक्टरांकडे जा.

नुसत्या पाठपुराव्यानं किती फरक पडतो? २०२२ मध्ये जाहीर झालेल्या स्ट्राँग-एचएफ या चाचणीत १,०७८ रुग्ण होते. अर्ध्यांना नेहमीसारखं घरी सोडलं. अर्ध्यांना घरी गेल्यावर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात बोलावलं, तपासलं, रक्त पाहिलं आणि औषधांचे डोस दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेपर्यंत नेले. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं नेहमीच्या गटात २३ टक्के होतं, या गटात १५. नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. वेळेवर बोलावणं होतं, आणि न चुकता तपासणं.

आपल्या जवळच्या साताऱ्यानं हेच रक्तदाबाच्या बाबतीत करून दाखवलंय. देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले पहिले जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. सगळीकडे एकच साधी उपचारपद्धत, गोळ्यांचा साठा न तुटणारा, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, आणि जो आला नाही त्याला शोधून काढणं, एवढंच त्याचं सूत्र. सातारा आणि सिंधुदुर्ग इतके जवळ असताना कोल्हापूरनं हृदयाच्या रुग्णांसाठी हे का करू नये?

कोल्हापुराला एखादी गोष्ट मनावर घ्यायला सांगावं लागत नाही. टोलच्या विरोधात हे शहर वर्षानुवर्षं लढलं आणि टोल गेला. उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी वकील आणि नागरिक दशकानुदशकं चिकाटीनं भांडले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते इथे आलं. नांदणीची महादेवी हत्तीण परत यावी म्हणून गावंच्या गावं पायी चालत आली. आणि ६ मे २०२२ ला, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, सकाळी दहाच्या ठोक्याला अख्खं कोल्हापूर १०० सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. महाराज गेले तेव्हा ४७ वर्षांचे होते, आणि हृदयविकारानंच गेले. माझं मागणं आहे की दर वर्षी ६ मे हा दिवस या जिल्ह्यात नाडी पाहण्याचा दिवस व्हावा. घरातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली, तीन बोटं ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. ठोके एकसारखे पडत नसतील, मध्येच घाई, मध्येच अडखळणं, त्याला काही लयच नसेल, तर लगेच जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा दवाखान्यात जाऊन ईसीजी काढायचा. एएफ येतं-जातं, म्हणून एकदा नाडी नीट लागली म्हणजे झालं असं नाही. महिन्यातून एकदा तरी बघत राहायचं. घरी बीपीचं डिजिटल मशीन असेल आणि त्यावर अनियमित ठोक्यांचं चिन्ह वारंवार येत असेल, तर ‘मशीन बिघडलंय’ म्हणून सोडून देऊ नका.

आता वजनाबद्दल. हार्ट फेल्युअरचा रुग्ण पुन्हा दाखल होण्याआधी बहुधा काही दिवस त्याच्या अंगात पाणी साठत असतं. ते आधी काट्यावर दिसतं, मग पायावर, मग छातीत. तीन दिवसांत दोन किलो वाढलं की तो निरोप आहे: आजच डॉक्टरांना फोन करा. बहुतेक वेळा लघवीच्या गोळीत बदल करून दाखल होणं टळतं. यासाठी लागतो एक काटा आणि एक लिहायची जागा. लिहायची जागा प्रत्येक घरात आहे. कालनिर्णयच्या ज्या चौकोनात दुधाचा खाडा मांडता, त्याच चौकोनात वजन मांडा. रोज सकाळी, परसाकडला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत.

आणि काटा? गोकुळ दूध संघ १९६३ पासून या जिल्ह्यात आहे. गावागावात प्राथमिक दूध संस्था आहे, आणि तिथे पहाटे आणि संध्याकाळी घरातलं कुणी ना कुणी किटली घेऊन जातंच. डॉक्टरकडे वर्षातून दोनदा जाणारा माणूस दूध संस्थेत दिवसातून दोनदा जातो. त्या दारात माणसाचं वजन करायचा एक काटा आणि बीपीचं एक मशीन ठेवायला कितीसा खर्च? काटा हजार-दीड हजारांत येतो. दर वर्षी संस्था नफ्यातून भांडी वाटते, भेटवस्तू देते. एका वर्षी काटा घ्यावा. ज्यांना चालवत नाही अशा रुग्णांच्या घरी देण्यासाठी दोन काटे जास्तीचे घ्यावेत. गणेशोत्सवात तालमी आणि मंडळं रक्तदान शिबिरं भरवतात ती चालूच राहोत. त्याच मांडवात एका बाजूला नाडी आणि बीपी पाहायचं टेबल लावा, आणि ज्याची नाडी बेताल लागेल त्याच्याबरोबर एक कार्यकर्ता ईसीजीपर्यंत जाऊ दे. शिबिरात नुसतं सापडून उपयोग नसतो, पोचवावं लागतं.

औषध दुकानदारांना हात जोडून सांगणं आहे. आपला माणूस कष्टाचा. ऊसतोड, फौंड्री, यंत्रमाग, आखाडा, यातून आलेल्या गुडघ्या-पाठीच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅकसारखी गोळी मागायला तो तुमच्याकडेच येतो. हार्ट फेल्युअरमध्ये ही गोळी अंगात पाणी धरते, किडनीवर भार टाकते. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर ती पोटात रक्तस्राव घडवू शकते. गोळी देण्याआधी एवढंच विचारा: “हृदयाच्या गोळ्या चालू आहेत का?” हो म्हणाला तर आधी डॉक्टरला विचारायला पाठवा. या एका प्रश्नानं गावात जीव वाचतील. आणि घरच्यांनी हेही लक्षात ठेवा की सैंधव मीठ हेसुद्धा मीठच आहे. खर्डा, लोणचं, पापड, भडंग यातून जे पोटात जातं ते मोजा. आणि ‘कमी सोडियम’चं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि हार्ट फेल्युअरच्या काही गोळ्यांबरोबर ते धोक्याचं ठरतं.

कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय हे या जिल्ह्यातल्या गरिबाचं दार आहे. संस्थानकाळातल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलपासून आजच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत त्या दारानं प्लेगपासून कोविडपर्यंत सगळं पाहिलंय. तिथल्या डॉक्टर-सिस्टरांवर किती भार असतो हे कुणाला सांगायला नको. म्हणूनच मागणी त्यांच्यासाठी करायची आहे: हार्ट फेल्युअर आणि एएफच्या रुग्णांसाठी आठवड्यातला एक ठरलेला दिवस, त्या दिवसाचं काम हेच असलेल्या प्रशिक्षित सिस्टर, त्यांचा एक फोन नंबर, आणि डिस्चार्ज झालेल्या प्रत्येकाची एक नोंदवही. सातव्या दिवशी जो आला नाही त्याला फोन गेला पाहिजे. डिस्चार्जच्या कागदासोबत मराठीतलं एक पान द्यावं, ज्यावर गोळीचं चित्र, ती कशासाठी, कधी घ्यायची आणि बंद केली तर काय होईल हे लिहिलेलं असेल. ते घरच्या बाईला वाचून दाखवावं. खासगी दवाखान्यांनाही हे अवघड नाही. गावात हे काम आशाताईंकडे येईल हे उघड आहे. तेव्हा त्यांच्या हातात आणखी एक वही फुकट ठेवू नका, तिचा मोबदला ठरवा.

पुराची गोष्ट विसरून चालणार नाही. २०१९ आणि २०२१ ला शिरोळ, करवीर, हातकणंगल्याच्या गावांना पाण्यानं वेढलं, शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला. जनावरं वर काढली, धान्य वर काढलं. पण रक्त पातळ करायची गोळी रोज लागते आणि नव्या गोळ्यांचा असर तर एका दिवसात ओसरतो, हे बोटीत बसताना कुणाच्या लक्षात असेल? पूररेषेतल्या गावांनी मे महिन्यातच अशा रुग्णांची यादी करावी, प्रत्येकाकडे महिनाभराचा साठा असावा, आणि औषधांच्या नावांचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधार कार्डासोबत ठेवावा. तो कागद आणखी एका प्रसंगी लागतो. तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय असं दिसलं की १०८ ला फोन करायचा, झटका कधी आला ती वेळ लक्षात ठेवायची, आणि दवाखान्यात पहिल्यांदा हे सांगायचं की रक्त पातळ करायची अमुक गोळी चालू आहे, शेवटची अमुक वाजता घेतली. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते द्यायचं की नाही हे त्या उत्तरावर ठरतं.

हे वाचून ज्यांना काही करावंसं वाटतंय त्यांनी येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडावा. गावातल्या हार्ट फेल्युअर आणि एएफच्या रुग्णांची यादी आरोग्य उपकेंद्रात ठेवावी. दूध संस्थेत काटा आणि बीपी मशीन असावं. तालुक्याच्या रुग्णालयात बाजाराच्या दिवशी आयएनआर व्हावी. आणि पावसाळ्याआधी औषधसाठा तपासला जावा. ठरावाची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि एक जिल्हा परिषदेला जाऊ दे. शहरात हाच मजकूर आपल्या प्रभागातून महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाऊ दे. दूध संस्थेची वार्षिक सभा असेल तिथे अहवाल वाचून झाल्यावर उठून काट्याचं बोला. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे. सभा कधी आहे ते उद्या सकाळी दूध घालायला जाल तेव्हाच सचिवांना विचारा, आणि विषय आधी लेखी देऊन त्याची पोच घ्या.